स्टेपनी, पावसाळा आणि बर्फाचे टायर: या चुका टाळा

ऐरोलीत माझं टायर आणि अलाइनमेंटचं दुकान आहे. जूनचा पहिला दणकून पाऊस झाला की दुसऱ्या दिवशी सकाळी मी शटर वर करायच्या आत बाहेर चार गाड्या उभ्या असतात. अकरा महिने ज्यांना टायर आठवले नाहीत, त्या सगळ्यांना ते एकाच सकाळी आठवतात. "काका, ब्रेकच लागत नाहीत." ब्रेक ठणठणीत असतात, टायरचा गोटा झालेला असतो.

टायरच्या खाचेत बोट घाला. तळाशी आडवे छोटे उंचवटे लागतील. त्यांची उंची १.६ मिलिमीटर असते आणि टायर झिजून त्यांच्या बरोबरीला आला की कायद्याने तो बाद. लोक काय करतात, तर तो बरोबरीला येण्याची वाट बघत बसतात. नवीन टायरची खाच साधारण ८ मिलिमीटरची. चाकाखालचं पाणी बाजूला टाकायचं काम तीच करते. खाच उथळ झाली की पाण्याला जायला वाट उरत नाही आणि चाक डांबरावरून सुटून पाण्यावर तरंगतं. रात्री रिकामा पाम बीच रोड, अंगात येणारे ऐंशी-नव्वद आणि वळणावर साचलेलं पाणी, एवढं जमून आलं की स्टिअरिंग एकदम लोण्यासारखं हलकं लागतं. तो हलकेपणा ज्याने एकदा अनुभवलाय त्याला समजवावं लागत नाही. मी ३ मिलिमीटरला टायर काढायला सांगतो. दुकानदार आहे म्हणून सांगतो असं वाटत असेल तर माझ्याकडून घेऊ नका, पण घ्या. हवा कमी असेल तर हेच तरंगणं आणखी कमी वेगाला सुरू होतं, आणि हवा तपासायला पैसे पडत नाहीत.

दोनच नवीन टायर घेणार असाल तर ते मागे लावा. "पुढची चाकं गाडी ओढतात, नवीन पुढे टाका" हा वाद मी रोज ऐकतो. पुढची चाकं घसरली तर गाडी सरळ जायला बघते, पाय काढला की सावरते. मागची घसरली तर गाडी भोवऱ्यासारखी फिरते, आणि ती सावरणारा ड्रायव्हर मला तरी अजून भेटलेला नाही.

आता स्टेपनी. हा माझा दुखरा भाग आहे.

शब्दापासूनच सांगतो. वेल्समधल्या लानेल्ली गावातल्या स्टेपनी स्ट्रीटवर डेव्हिस बंधूंनी १९०४ च्या सुमारास जादा चाक विकायला सुरुवात केली. तोवर गाड्यांना असं चाक मिळतच नसे. त्या गल्लीचं नाव आपल्या तोंडात बसलं ते कायमचं. नाव टिकलं, चाकाकडे बघायची सवय मात्र आपल्याला लागली नाही. गाडी घेतल्यापासून डिकीतली चटई एकदाही न उचललेले लोक माझ्याकडे येतात. परवा एकाची स्टेपनी काढली, टायरवर कारखान्यातले रबराचे केससुद्धा शाबूत. तो खूश झाला, "बघा काका, कोरी आहे!" कड वळवली तर तिला बारीक भेगा. टायरच्या कडेवर डीओटी (DOT) या अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा आणि नंतरचे दोन वर्ष. २३१२ म्हणजे २०१२ सालचा तेविसावा आठवडा. रबर न वापरताही म्हातारं होतं. पाच वर्षांनंतर दरवर्षी तपासा आणि दहाव्या वर्षी झीज दिसो न दिसो, काढून टाका, असं टायर कंपन्याही सांगतात. आपल्या उन्हात मी दहापर्यंत जातच नाही. आणि हे महाशय त्याच टायरवर समृद्धीने नागपूरला निघाले होते. आमणे ते नागपूर ७०१ किलोमीटर, काँक्रीट, मे महिना. त्यांना मी चहा पाजला आणि चावी काढून ठेवली.

आता माझी फजिती. पाच-सहा वर्षं झाली असतील. जुलै महिना, सासुरवाडी ओतूरला, म्हणजे माळशेज घाट ओलांडून जायचं. टोकावडे सोडलं आणि पाण्याने काठोकाठ भरलेल्या एका खड्ड्याने मागच्या डाव्या टायरची कड चिरली. कड चिरली की स्ट्रिप नाही, पॅच नाही, काही नाही, चाकच बदलावं लागतं. माझी एर्टिगा. हिची स्टेपनी डिकीत नसते, मागे गाडीच्या पोटाखाली लटकलेली असते. आतून दांडा घालून फिरवायचा, मग ती तारेवरून खाली येते. डिकीतलं सगळं सामान, मिठाईचे खोके, सासूबाईंसाठी घेतलेली सतरंजी, भर पावसात बायकोच्या आणि पोरांच्या डोक्यावर. दांडा चार फेरे फिरला आणि अडकला. तार गंजून एकजीव झालेली. ठाण्या-नवी मुंबईची खारी हवा आणि चार पावसाळ्यांचा चिखल, दुसरं काय होणार! मी चिखलात आडवा झालो. अर्ध्या तासाने भाजीचा एक टेम्पो थांबला. त्या माणसाने तारेवर डिझेल ओतलं, खालून हातोड्याने ठोकलं, तेव्हा कुठे बाईसाहेब खाली उतरल्या. गेज लावलं तर हवेचा दाब ११ पीएसआय, लागतो त्याच्या जेमतेम तिसरा हिस्सा.

टेम्पोवाल्याने सहज विचारलं, "शेठ, धंदा काय करता?"

मी काही बोलायच्या आत बायको म्हणाली, "टायरचं दुकान आहे यांचं."

तो हसला नाही. हसला असता तर बरं झालं असतं. स्टेपनी टेम्पोत टाकून आम्ही दोघं मागे टोकावड्याला गेलो आणि हवा भरून आणली.

तेव्हापासून दर मे महिन्यात मी ती स्टेपनी पूर्ण खाली उतरवतो, तार ब्रशने घासतो, ग्रीस लावतो आणि परत चढवतो. पाऊण तास जातो. हवा गाडीच्या चाकांपेक्षा तीन-चार पीएसआय जास्तच ठेवतो, कारण ती हळूहळू उतरतेच आणि मी विसरतोच. डिकीत हवा भरायचा छोटा पंपही असतो. याच्यामागे काही शास्त्र नाही, पुन्हा कुणी "धंदा काय करता" म्हणून विचारू नये एवढंच.

सीएनजीवाल्यांचं वेगळंच. सिलिंडरने डिकी खाल्ली की बॅगा ठेवायला जागा राहत नाही, मग स्टेपनी काढून बाल्कनीत ठेवतात. मानपाड्याच्या एका टॉवरमध्ये तिच्यावर तुळशीची कुंडी ठेवलेली मी पाहिली आहे. पंक्चर झालं मुंब्रा बायपासला, ट्रेलरच्या रांगेत, आणि चाक चौदाव्या मजल्यावर. यावर उपाय एकच, बॅगा कमी न्या.

काही नवीन गाड्यांना स्टेपनी येतच नाही. २०२० साली केंद्राने नियम बदलला. ट्यूबलेस टायर, हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा आणि पंक्चर किट असेल तर स्टेपनी नसली तरी चालतं. किटमधलं औषध खिळ्याच्या भोकापुरतं. घोडबंदरच्या खड्ड्याने कड फाडली तर ते औषध रस्त्यावर सांडतं, बाकी काही होत नाही. अशी गाडी घेणार असाल तर वेगळं चाक घेऊन ठेवा. घेताना नटांची संख्या आणि त्यांच्यामधलं अंतर, मधल्या भोकाचं माप आणि चाकाचा एकूण घेर जुळतो का ते बघा. रिम बसली म्हणजे चाक जुळलं असं नाही. एकाने अलॉय मोठे टाकले आणि जुनी बारीक स्टेपनी तशीच ठेवली. पुढच्या एका बाजूला लहान चाक लावून तो बेलापूरपासून वाशीपर्यंत आला, तेवढा वेळ गिअरबॉक्समधला डिफरन्शियल, म्हणजे दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा भाग, एकसारखा दळत होता.

आणि जी बारीक, पिवळ्या स्टिकरची स्टेपनी असते, तिला ८० च्या पुढे नेऊ नका, आणि तिच्यात हवा ६० पीएसआय लागते, ३३ नाही. टायरवरच छापलेलं असतं. वाचा की!

आता बर्फाच्या टायरची गोष्ट. घणसोलीच्या आयटी पार्कमधला एक मुलगा, डिसेंबरात मनालीच्या पुढे जायचं म्हणून बर्फाचे टायर शोधत आला. मी म्हटलं, अरे, नको. त्याने कुठून तरी बाहेरून मागवलेच. आधी विचारलं, "काका, दोनच टाकू का, पुढे?" मघाशी सांगितलेला भोवरा आठवा, बर्फावर तो दुप्पट फिरतो. बर्फाचे टायर घ्यायचे तर चारही.

या टायरचं रबर वेगळं असतं. पारा सातच्या खाली गेला की आपले नेहमीचे टायर कडक व्हायला लागतात, आणि हे मऊच राहतात. वर नक्षीत असंख्य बारीक चिरा असतात, त्या बर्फाला चावतात. खरा बर्फाचा टायर ओळखायचा तर कडेवर तीन शिखरांचा डोंगर आणि आत हिमकण अशी खूण असते, ती चाचणी पास झाल्याशिवाय मिळत नाही. नुसतं एम प्लस एस (M+S), म्हणजे 'मड अँड स्नो', लिहिलेलं असेल तर त्याला चाचणीची गरज नाही, कंपनी स्वतःच छापते. आपल्याकडच्या कितीतरी एसयूव्हींच्या टायरवर ती अक्षरं असतात आणि मालक छाती फुगवून सांगतो की बर्फातही चालतात.

मुलगा जाऊन आला. मजा आली म्हणाला. पण टायर काढायला आलाच नाही. कंटाळा! आपल्याकडे पारा पंधराच्या आसपास आला की लोक कपाटातून कानटोप्या काढतात, आणि हा एप्रिल-मेच्या उन्हात ठाणे-बेलापूर रोडवर मऊ रबर घासत फिरत होता. मे अखेरीस आला तेव्हा डिसेंबरातले साडेआठ मिलिमीटर पाचवर आले होते. चिरांच्या कडा झडलेल्या, खोडरबर घासल्यासारख्या. त्यात गरम रस्त्यावर या टायरला थांबायला जास्त अंतर लागतं, ते वेगळंच. ऑस्ट्रियात तर ४ मिलिमीटरच्या खाली गेलेला बर्फाचा टायर बर्फाचा धरतच नाहीत. म्हणजे हा असाच फिरत राहिला तर पुढच्या डिसेंबरच्या आधीच याचा हंगाम संपला.

त्याला खरं तर लागत होत्या बर्फात टायरवर चढवायच्या चेन. वर्षातून चार दिवस बर्फ बघणाऱ्या माणसाने त्या तिथेच भाड्याने घ्याव्यात, आणि घाटाच्या तोंडाशी बोटं बधिर होण्याआधी एकदा हॉटेलच्या अंगणात लावून बघाव्यात. त्याहून सोपं म्हणजे गाडी खाली ठेवून तिथली जीप करावी. ड्रायव्हर रोज त्याच रस्त्यावर असतो.

बाकीच्या चुकांवर जास्त बोलत नाही. जुना टायर पुन्हा खाचा कापून "चालू" करून देणारा भेटला तर पैसे परत घ्या, त्या खाचेच्या तळाशी रबर नसतं, तार असते. नायट्रोजनसाठी भांडू नका, साध्या हवेतही तो ७८ टक्के असतोच. टायरला फुगा आला तर तो "बघू पुढच्या महिन्यात"चा विषय नाही. गाडी जॅकवर चढवण्याआधी नट सैल करा, नंतर नाही. पावसात जॅकखाली फळी ठेवा, नाहीतर जॅक जमिनीत आणि गाडी जागेवर. नट समोरासमोरचे आवळा, आणि पन्नासेक किलोमीटर झाले की पुन्हा एकदा आवळा.

अलॉयला चोरीच्या भीतीने लॉक नट लावला असेल तर त्याची छोटी चावी कुठे आहे ते आत्ता उठून बघा. माझ्या काउंटरच्या ड्रॉवरमध्ये अशा सात चाव्या पडल्या आहेत. मालक कोण ते मला माहीत नाही, आणि त्यांनाही अजून माहीत नाही.