रिब्रीदरमधला चुना कधी संपते? या चुका टाळा

आपल्या वणी-चंद्रपूरकडचे काही पोट्टे आता डायव्हिंगच्या कामाला बाहेर जाऊन राहिले, आणि रिब्रीदर, म्हणजे सोडलेला श्वास साफ करून परत देणारं मशीन, हातात आला की पहिला प्रश्न एकच, भाऊ हा स्क्रबर (श्वासातला कार्बन डायऑक्साइड म्हणजे सीओटू शोषणारा चुन्याचा डबा) किती तास चालते? खाणीतले रेस्क्यूवाले जे ऑक्सिजनचे सेट घालतात त्यातही श्वास असाच गाळून परत मिळते, म्हणून त्यांना वाटते हे आपल्याला माहीत आहे. पण सोडालाइम, म्हणजे स्क्रबरमधला दाणेदार चुना, किती उरला हे खात्रीनं सांगणारा, पेट्रोलचा असते तसा काटा कोणत्याच मशीनवर नाही.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे मॅन्युअलमधले तास पाठ करून टायमर लावणे. ते तास येतात कुठून पाहा. युरोपच्या ईएन १४१४३ स्टँडर्डच्या टेस्टमधे पाणी ४ डिग्री, खोली ४० मीटर, मशीन दर मिनिटाला १.६ लिटर सीओटू लूपमधे (श्वास फिरते तो बंद मार्ग) सोडते आणि आत येणाऱ्या गॅसमधे सीओटूचा दाब ५ मिलिबारवर गेला की टेस्ट संपली. आता तुम्ही करंटच्या उलट जोर लावून पोहून राहिले तर शरीर १.६ पेक्षा बरंच जास्त सोडते, मंग ते तास राहिले कुठं? खोलात गॅस दाट होते, सीओटूला दाण्यापर्यंत पोचायला अडथळा होते, थंडीत रिअॅक्शन मंदावते. इकडं उन्हाळ्यात विहिरीच्या कोमट उथळ पाण्यात प्रॅक्टिस करून "माझा तर आरामात चालला" असा हिशोब बांधायचा आणि तोच थंड खोल पाण्यात न्यायचा, हे जिवावर बेतते.

साठवणुकीची चूक तर आपल्या भागातली खास. मे महिन्यात पारा ४५ च्या वर, डबा टिनाच्या खोलीत आणि झाकण अर्धवट. सोडालाइममधे वजनाच्या साधारण १४ ते १९ टक्के पाणी असते आणि ते पाहिजेच, काहून की सीओटू आधी त्या पाण्यात विरघळते, सोडियम हायड्रॉक्साइडशी भिडते आणि शेवटी कॅल्शियम हायड्रॉक्साइड त्याला धरून ठेवते. दाणे वाळले तर दिसतात पांढरेच पण काम धड होत नाही. डबा थंड जागी, झाकण घट्ट. आणि सफेदीचा चुना तर चुकूनही भरू नका, तो भुकटीसारखा, श्वासात गेला तर घसा भाजते.

टेम्प-स्टिक, म्हणजे स्क्रबरमधली तापमान मोजणारी कांडी, तिच्यावर डोळे मिटून विश्वास ठेवू नका. रिअॅक्शन होताना लाइम तापते, ती गरम पट्टी हळूहळू पुढं सरकते, आणि स्टिक फक्त तेवढंच दाखवते, सीओटू मोजत नाही. ओ-रिंग (रबरी सील) बसलीच नाही किंवा माउथपीसचा मशरूम व्हॉल्व्ह (श्वास एकाच दिशेनं जाऊ देणारी झडप) गळून राहिला तर स्क्रीनवर सगळं छान दिसेल आणि तुम्ही स्वतःचाच श्वास परत ओढत राहाल. रंग बदलणाऱ्या लाइमचंही तेच, ठेवून दिलं की जांभळा रंग परत फिका पडते आणि वापरलेला माल ताजा वाटते.

५ मिनिटांचा प्रीब्रीद, म्हणजे पाण्यात उतरण्याआधी मशीनवर श्वास घेऊन पाहणं, जरूर करा, पण तो पास झाला म्हणजे स्क्रबर ठीक असं नाही. २०१५ च्या एका अभ्यासात स्क्रबर मुद्दाम अर्धवट बिघडवला तर बहुतेकांना त्या ५ मिनिटांत काही कळलंच नाही.

भरताना कॅनिस्टर (स्क्रबरचा डबा) बाजूनं ठोकत ठोकत भरा, दाणे बसले की वरून परत टाका, जागा ढिली राहिली की गॅस तिथूनच पळते. अर्धा वापरलेला माल बाहेर काढून परत भरू नका, संपलेले आणि ताजे दाणे मिसळले की काहीच अंदाज राहत नाही. प्रत्येक डाइव्हचे मिनिटं कॅनिस्टरवरच टेपवर लिहा, पाणी किती थंड होतं आणि काम किती जड होतं तेही.

आणि पाण्यात श्वास वाढला, डोकं दुखलं, उगाच घाबरल्यासारखं झालं तर मशीन काय म्हणते ते पाहत बसू नका, लगेच बेलआउटवर, म्हणजे सोबतच्या वेगळ्या सिलिंडरवर, जा. उशीर केला तर धाप एवढी वाढते की माउथपीस तोंडातून काढून दुसरा लावणंही जमत नाही. अशा वेळी सुरुवातीचे काही मिनिटं गॅस नेहमीपेक्षा कितीतरी जास्त लागते, बेलआउटचा सिलिंडर निवडताना तो हिशोब धरूनच निवडा.