मोठी मूळ संख्या वहीच्या पानावर कशी तपासावी

सोलापुरात मुलांना मूळ संख्या शिकवताना मी पिन कोडपासून सुरुवात करतो. ४१३००१ च्या अंकांची बेरीज ९, म्हणजे ९ ने भाग गेलाच. उरले ४५८८९, आणि ते म्हणजे १०९ × ४२१. मूळ नाही, विषय संपला. सहाअंकी संख्येसाठी हे ठीक आहे: वर्गमुळापर्यंतच्या, इथे ६४२ पर्यंतच्या, मूळ संख्यांनी भागून पाहिलं की झालं.

पण ऑक्टोबर २०२४ मध्ये ल्यूक ड्युरंट यांना सापडलेली मूळ संख्या ४,१०,२४,३२० अंकी आहे. तिचं नुसतं वर्गमूळच दोन कोटींहून जास्त अंकी! तिथे भागत बसणं संगणकालाही जमणार नाही. ही संख्या म्हणजे २ चा १३,६२,७९,८४१ वा घात, वजा १. या घडणीच्या मूळ संख्यांना मर्सेन मूळ संख्या म्हणतात, आणि त्यांच्यासाठी ल्युका-लेमर चाचणी आहे. ड्युरंट यांच्या संख्येवर शिक्कामोर्तब याच चाचणीने झालं. आपण ती १२७ वर, म्हणजे २ चा ७ वा घात वजा १ वर, करून बघू.

पायरी १: घातांक २ पेक्षा मोठा आणि मूळ आहे ना, ते पाहा. ७ आहे. तो संयुक्त निघाला तर पुढे जायची गरजच नाही.

पायरी २: ४ लिहा. त्याचा वर्ग करा, २ वजा करा, १२७ ने भागून फक्त बाकी ठेवा. आलेल्या बाकीवर पुन्हा तेच. घातांकापेक्षा दोन कमी, म्हणजे पाच वेळा.

पायरी ३: बाकी काढायची युक्ती शिका, मला यातला सगळ्यात सुंदर भाग हाच वाटतो. १२७ ऐवजी १२८ ने भागा आणि भागाकारात बाकी मिळवा. १२८ ला १२७ ने भागल्यावर १ उरतो, म्हणून हे चालतं. संगणकाला तर भागावंही लागत नाही. द्विमान रूपातले शेवटचे सात अंक वेगळे काढायचे आणि उरलेल्या भागात मिळवायचे.

आता करा:

४ → १६ − २ = १४
१४ → १९४; १ + ६६ = ६७
६७ → ४४८७; ३५ + ७ = ४२
४२ → १७६२; १३ + ९८ = १११
१११ → १२३१९; ९६ + ३१ = १२७, म्हणजे बाकी ०

पायरी ४: शेवटी शून्य आलं तर संख्या मूळ, नाही तर नाही. यात अंदाजाचा भाग नाही, ही पक्की सिद्धता आहे.

घातांक मूळ असला म्हणजे काम झालं, असं मात्र समजू नका. ११ मूळ आहे, पण २ चा ११ वा घात वजा १, म्हणजे २०४७ = २३ × ८९. हीच चाचणी २०४७ वर लावा, या वेळी २०४८ ने भागून. नवव्या फेरीला १७३६ उरले, तर तुमचं गणित बरोबर आहे.