तीच विनंती पुन्हा पुन्हा करताना

एकच मागणं वर्षानुवर्षं देवापुढे मांडायचं असेल, तर आधी बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानाच्या १८ व्या अध्यायातला विधवेचा दाखला, म्हणजे येशूने सांगितलेली बोधकथा, नीट वाचा. पुष्कळ जण तो उलटा समजतात. तो न्यायाधीश ना देवाला भ्यायचा, ना माणसाला जुमानायचा. बाई सारखी येते म्हणून वैतागून त्याने न्याय दिला. येशू म्हणतो, असा माणूससुद्धा ऐकतो, मग देव आपल्या लोकांचं ऐकणार नाही का? देवाला वळवायचं नसतंच, तो आधीपासून आपल्या बाजूचा आहे. हे मनात पक्कं नसलं की प्रार्थनेची मनधरणी होते आणि माणूस थकतो.

वेळ ठरवून घ्या. इथे नगरला पहाटे नळाला पाणी यायच्या आत मी बसते. वहीच्या डाव्या पानावर नाव आणि तारीख, उजवं पान कोरं. धाकट्या दिरांची दारू सुटावी, ही त्यातली सगळ्यात जुनी विनंती. उजवीकडे मी बारीकसारीक लिहिते: ‘पगार घरी दिला’, ‘रविवारी उपासनेला आले, मागच्या बाकावर बसले’. दारू सुटलेली नाही. पण हे लिहिलं नसतं, तर देवाने केलेलं एवढं चांगलं माझ्या लक्षातही राहिलं नसतं.

शब्द सुचले नाहीत तर कालचेच म्हणा. अटक होण्याआधी गेथशेमाने बागेत प्रभू येशूनेही तिसऱ्यांदा तेच शब्द बोलून प्रार्थना केली. राग आला तर बायबलमधलं स्तोत्र १३ मोठ्याने वाचा, ‘कोठवर?’ हा प्रश्न देवाला विचारता येतो.

सोबत दोघी-तिघी घ्या. १९०५ मध्ये पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये बायका-मुलींना रोज एकत्र प्रार्थनेला बसवलं. तिथे जूनअखेर मोठं संजीवन, म्हणजे विश्वासाची नवी जागृती, आलं.

‘तुझा विश्वास कमी पडला’ असं कुणी म्हणालं, तर मनावर घेऊ नका. हे बोलणं क्रूर आहे आणि वचनाला धरूनही नाही. प्रेषित पौलाने देवाला तीनदा विनवलं तरी त्याच्या देहातला काटा, म्हणजे त्याला छळणारा त्रास, निघाला नाही; ‘माझी कृपा तुला पुरे आहे’ एवढंच उत्तर मिळालं.

आणि प्रार्थना करतो म्हणून हात बांधून बसू नका. मी आणि धाकट्या जाऊबाईंनी व्यसनमुक्ती केंद्राची चौकशी केली आहे, तीही प्रार्थना करूनच. भाऊजी अजून तयार नाहीत. पुढच्या आठवड्यात आम्ही दोघीच आधी तिथल्या समुपदेशकांना भेटून येणार आहोत.