टीएलडीची गोळी आणि पित्ताचं औषध

मी रिक्षा चालवतो, रंकाळ्याकडच्या स्टॉपवर असतो. एचआयव्हीची गोळी सुरू होऊन आठ वर्षं झाली. सुरुवातीच्या गोळीत एफाविरेन्झ होतं. घेतली की अंथरूण गरगर फिरायचं आणि स्वप्नं तर विचारू नका. आता टीएलडी मिळते : टेनोफोविर ३०० मिलिग्रॅम, लॅमिव्हुडीन ३००, डोल्युटेग्राविर ५०. दिवसाला एक, जेवून घ्या नाहीतर उपाशी. विषाणू दबून राहतो, पण मुळातनं जात नाही, म्हणून गोळी कायमची.

नवीन माणूस गोळीलाच भितो. मी म्हणतो, गोळीला नको, तिच्यासोबत काय गिळतोयस त्याला भी. श्रावण संपला की आमच्यात तांबडा रस्सा सुरू, आणि रात्री छातीत जळजळ. मी पित्ताचं गुलाबी औषध दोन झाकणं प्यायचो आणि वर लगेच गोळी. महिनाभर हेच चाललं. शेवटी समुपदेशक मॅडमनी ती बाटली आणायला लावली आणि लेबलवर बोट ठेवलं : अ‍ॅल्युमिनियम, मॅग्नेशियम. हे डोल्युटेग्राविरला पोटातच धरून ठेवतात, रक्तात पुरेसं उतरू देत नाहीत.

म्हणून आधी गोळी, मग दोन तासांनी पित्ताचं औषध. औषध आधी घेतलं असेल तर गोळीला सहा तास थांबा. ओमेप्राझोल, म्हणजे पित्ताची दुसरी गोळी, ती चालते. कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्या भरल्या पोटी टीएलडीसोबत घेतल्या तरी चालतात. उपाशीपोटी असाल तर तेच दोन आणि सहा तास पाळा.

मी आता सकाळी सातला घेतो. या गोळीनं काहींची झोप उडते, त्यांनाही सकाळच बरी. विसरलात तर आठवेल तेव्हा घ्या. पुढच्या गोळीला चार तासही उरले नसतील तर सोडून द्या. दोन एकदम कधीच नाही.

शुगरवाल्यांनी डॉक्टरांना मेटफॉर्मिनचा डोस सांगायचा, या गोळीसोबत दिवसाला १००० मिलिग्रॅमच्या वर सहसा जात नाहीत. टीबीचं रिफाम्पिसिन चालू झालं तर रोज टीएलडीनंतर बारा तासांनी डोल्युटेग्राविर ५० ची जादा गोळी लागते, तीही डॉक्टरच देतात. रिक्षावाल्यांची कंबर कायम दुखते, पण मेडिकलमधून डायक्लोफिनॅक आणून खात बसू नका. टेनोफोविरमुळे मूत्रपिंडावर आधीच नजर ठेवावी लागते, आणि या दुखण्याच्या गोळीचा भारही तिथंच पडतो. क्रिएटिनिनची, म्हणजे मूत्रपिंडाची रक्ततपासणी चुकवायची नाही. कावीळ ‘बी’ असेल तर गोळी मनानं बंद करणं फार वाईट, यकृत एकदम बिघडू शकतं. पुरळ उठून ताप आला किंवा डोळे पिवळे दिसले, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

गोळ्या कागदात बांधून ठेवणारे बरेच आहेत, शेजारच्यांना बाटली दिसू नये म्हणून. आमच्या पावसाळ्यात तसं नको, ओल लागते. लेबल सोलायचंच असेल तर मुदतीची तारीख झाकणावर लिहा, पण बाटली तीच ठेवा, ओल शोषणाऱ्या आतल्या पुडीसकट. खुळखुळते, तर खुळखुळू दे. त्या आवाजावरनंच आमच्या बायकोला कळतं, ह्यांनी गोळी घेतली, आता चहा टाकावा.