नेक खाली ओढणारी गिटार: पट्ट्याचं बटण हलवायची रीत

आमच्या ऑर्केस्ट्राचा कार्यक्रम म्हणजे सलग तीन तास उभं राहून वाजवणं. गणपतीत तर रोज वेगळं गाव. माझी एसजी घाटाची (गिब्सन कंपनीच्या एसजी मॉडेलसारखी) सेकंडहँड गिटार आवाजाला फार गोड आहे, पण उजवा हात जरा उचलला की तिचा नेक, म्हणजे डाव्या हाताने धरायचा लांब दांडा, जमिनीकडे निघायचा. मग डाव्या तळव्याचा खालून सतत टेकू. दोन सीझन असेच काढले. अंगठ्याच्या मुळाशी दुखायला लागलं आणि बार कॉर्डला (एकाच बोटाने आडव्या सगळ्या तारा दाबायच्या, त्याला) बोटं उशिरा पोचायला लागली, तेव्हा मात्र हे आधी दुरुस्त करायचं ठरवलं. डावा हात सूर धरायला आहे, ओझं पेलायला नाही.

असं होतं कशामुळे, ते आधी बघा. पट्टा अडकवायच्या दोन बटणांवर गिटार टांगलेली असते, एक पुढे नेककडे आणि एक मागच्या टोकाला. तिचा तोल जिथे साधतो ती जागा या दोन बटणांच्या मध्ये, पुढच्या बटणापासून बरीच मागे असेल तर गिटार शांत राहते. ती पुढच्या बटणाच्या अगदी जवळ आली किंवा त्याच्याही पुढे गेली, की नेक खाली जाणारच. 1954 साली आलेल्या फेंडर स्ट्रॅटोकास्टरचं वरचं शिंग, म्हणजे बॉडीचं नेककडे निघालेलं टोक, लांब असतं, जवळजवळ बाराव्या फ्रेटपर्यंत (नेकवरच्या बाराव्या आडव्या पट्टीपर्यंत) येतं, आणि बटण त्या टोकावर असतं. म्हणून ती गळ्यात घालून दोन्ही हात सोडले तरी जागची हलत नाही. 1961 चा एसजी घाट वेगळा. बॉडी पातळ आणि हलकी, शिंगं आखूड, नेक बराच बाहेर आलेला, आणि बटण नेकच्या बुडाशी, पाठीमागे.

तोल कुठे आहे ते घरीच कळतं. टॉवेलची घट्ट गुंडाळी टेबलावर ठेवा, गिटार तिच्यावर आडवी ठेवून पुढेमागे सरकवा. जिथे दोन्ही बाजू अधांतरी राहतील तिथे मास्किंग टेपची पट्टी लावा. माझ्या गिटारची पट्टी बटणाच्या इतकी जवळ आली, की आणखी काही शोधायची गरजच उरली नाही.

मागच्या बाजूला वजन चिकटवा, असा सल्ला पुष्कळ जण देतात. मला तो पटत नाही. हात सुटतो खरा, पण तेच ओझं खांद्यावर येतं. आतून खरखरीत चामडं असलेला रुंद पट्टा मात्र आधी घेऊन बघा. तेवढ्यावर भागलं तर ड्रिलला हात लावायचं कारण नाही. माझं निम्मंच भागलं.

भोक पाडायच्या आधी नवी जागा तपासायलाच हवी. बुटाची नाडी वरच्या शिंगाला बांधा, घसरू नये म्हणून टेपने पक्की करा आणि पट्ट्याचं पुढचं टोक तिला अडकवा. पलंगाजवळ उभं राहून, एक हात खाली ठेवून हळूच सोडा. ठीक वाटलं तर पंधरा मिनिटं वाजवून बघा. मी नाडी तीन ठिकाणी बांधून पाहिली. शेवटी शिंगाच्या पाठीवर, टोकापासून दोन सेंटिमीटर आत जागा ठरवली. बटण हेडस्टॉकच्या (खुंट्या असलेल्या टोकाच्या) दिशेला जेमतेम तीन सेंटिमीटर सरकलं, पण त्याचबरोबर ते नेकच्या रेषेच्या वरही गेलं, त्यामुळे गिटारचं वजन आता टांगणीच्या खाली लोंबतं. पूर्वी ती तोंडावर पुढे कलायची, तेही कमी झालं.

शिंगाची कड उतरती आणि पातळ असते. बटण कडेवर नको, पाठीच्या सपाट भागावर घ्या. तिथली जाडी व्हर्नियरने (जाडी मोजायच्या सरकत्या पट्टीने) मोजा. माझ्याकडे ती 28 मिलिमीटर भरली. 8 नंबरचा सव्वा इंची स्क्रू घेतला, त्यातला सुमारे 20 मिलिमीटर लाकडात जातो. पलीकडे निदान सहा-सात मिलिमीटर लाकूड शिल्लक राहिलंच पाहिजे.

आता ड्रिलचा बिट. स्क्रूच्या पुढे बिट धरा आणि दोन्ही उजेडाकडे करा. बिटच्या आड स्क्रूचा मधला दांडा पूर्ण लपला पाहिजे आणि दोन्ही बाजूंनी फक्त आटे दिसले पाहिजेत. माझ्या स्क्रूला 3 मिलिमीटरचा बिट बसला. भोक लहान पडलं तर शिंग चिरू शकतं, मोठं पडलं तर स्क्रू धरत नाही.

खरी जोखीम रंगाची असते. एका जुन्या गिटारवर मी टेप न लावता थेट ड्रिल चालवलं होतं, आणि हरभऱ्याच्या डाळीएवढा टवका उडाला. तो अजून दिसतो आणि अजून सलतो. मिरजेत सतारमेकर गल्लीतल्या एका जुन्या कारागिरांना ती गिटार दाखवली. तंबोऱ्याला चकाकी आणणारा तो हात टवक्यावरून फिरला आणि ते एवढंच म्हणाले, "आधी कातडी काप, मग लाकडाला हात लाव."

तेव्हापासून माझी रीत अशी. मास्किंग टेपचे दोन थर लावायचे, खूण करायची, टोकदार खिळ्याने हलकेच टोचा मारायचा. मग ड्रिल उलट्या दिशेने फिरवून रंगाचा थर खरवडायचा. उलटा फिरणारा बिट रंग उचकटत नाही. आधी पांढरा चुरा येतो, मग लालसर भुसा दिसायला लागतो. तो दिसला की थांबायचं. 6 मिलिमीटरचा बिट बोटांत धरून दोन-तीन वेळा फिरवायचा, म्हणजे भोकाच्या काठावरचा रंग तिरका कापला जातो आणि स्क्रू घट्ट होताना तडकत नाही. त्यानंतर 3 मिलिमीटरच्या बिटवर 20 मिलिमीटरवर टेपची झेंडी लावून, ड्रिल सरळ धरून, सावकाश खाली. झेंडी रंगाला टेकली की भोक झालं. हे करताना कोणाला तरी गिटार धरायला सांगा. मी आमच्या ढोलकीवाल्याला बसवलं होतं.

स्क्रूच्या आट्यांवर मेणबत्ती घासा. बटणाखाली फेल्टची चकती हवीच. मी पेटीदुरुस्तीतला उरलेला तुकडा कापून वापरला. स्क्रू हातानेच पिळायचा, मशीनने नाही. फेल्ट दबलं की पुरे.

जुनं बटण मी जागेवरच ठेवलं आहे. काढायचं असेल तर बांबूच्या टूथपिक फेव्हिकॉलमध्ये बुडवून भोकात घट्ट ठोका, रात्रभर वाळू द्या आणि वरचं टोक धारदार पात्याने सपाट कापा. काडेपेटीची काडी मऊ पडते, ती नको.

दोन गोष्टी आधी लक्षात येत नाहीत. बटण पाठीवर आल्यामुळे गिटार हार्ड केसमध्ये किंचित वर उचलली जाते. झाकण दाबून बंद करू नका, केसच्या आतल्या स्पंजला तेवढा खळगा पाडा. आणि पट्ट्याची लांबी पुन्हा लावावी लागते, मला तो एक घर आखूड करावा लागला. पहिल्या दोन-तीन कार्यक्रमांनंतर बटण बोटाने हलवून बघा. फेल्ट बसलं की स्क्रू पाव फेरा सैल होतो, तेवढा पुन्हा पिळा.

नवीन बटणावर पहिला कार्यक्रम झाला तेव्हा दोन गाण्यांच्या मध्ये मी खुंट्या लावायला दोन्ही हात सोडले. नेक तिथेच थांबला.