पोरांचा जावा कोड आपल्या प्रोग्रॅममधून कंपाइल करून चालवताना

दारव्हा असो की आर्वी, तालुक्याच्या कॉलेजात नेटच्या भरवशावर प्रॅक्टिकल घेता येत नाही. लॅबमधल्याच एका संगणकावर कोड तपासणारा प्रोग्रॅम ठेवावा.

कंपाइलर जावा ६ पासून हाताशी आहे: टूलप्रोव्हायडर.गेटसिस्टमजावाकंपायलर(). त्यातून नल आला, तर बहुधा तिथे नुसता जेआरई (फक्त जावा चालवणारा संच) आहे; कंपाइलरसह येणारा जेडीके टाका. दर कोडला नवा तात्पुरता फोल्डर द्या आणि फाइल ‘मेन.जावा’ नावाने यूटीएफ-८ मध्ये साठवा. पब्लिक क्लासचे नावही मेनच हवे, नाहीतर कंपाइल होणार नाही. एन्कोडिंग यूटीएफ-८ आहे हे कंपाइलरलाही सांगा, आणि ‘प्रॉक:नन’ द्या म्हणजे क्लासपाथवरचे अॅनोटेशन प्रोसेसर (कंपाइल होताना आपोआप चालणारा कोड) मध्येच चालणार नाहीत. चुका डायग्नोस्टिककलेक्टरमध्ये (कंपाइलरच्या चुका गोळा करणारा क्लास) ओळ क्रमांकासह मिळतात. त्या पोरांना जशाच्या तशा दाखवा.

खरा घोळ चालवताना होतो. यूआरएलक्लासलोडरने क्लास उचलून मेन बोलावणे सोपे, पण कोणी सिस्टम.एक्झिट लिहिले की तपासणारा प्रोग्रॅमच बंद! न संपणारा लूप आला तर थ्रेड.स्टॉप कामाचे नाही. जावा २० पासून ते नुसते एक्सेप्शन फेकते. असे धोकादायक काम अडवणारा जावाचा सिक्युरिटी मॅनेजरही जावा २४ मध्ये कायमचा बंद झाला. म्हणून प्रोसेसबिल्डरने वेगळी जावा प्रोसेसच सुरू करा, एक्सएमएक्स (हीप, म्हणजे ऑब्जेक्टच्या मेमरीची मर्यादा) ६४ एमबी ठेवून.

समजा गणित कापसाच्या चुकाऱ्याचे आहे: १२.५ क्विंटल, भाव ७०००, उत्तर ८७५००. हे आकडे फाइलमधून रीडायरेक्टइनपुटने द्या, नाहीतर पोराच्या कोडमधला इनपुट वाचणारा स्कॅनर वाट पाहत बसतो. एरर आणि आउटपुट एकत्र करून दुसऱ्या थ्रेडने सतत वाचत राहा. आधी वेटफॉर (प्रोसेस संपेपर्यंत थांबणे) आणि मग वाचन केले, तर पाइप (आउटपुट वाहून आणणारी मर्यादित जागा) भरतो आणि चांगला प्रोग्रॅमही अडकतो; पोराचा लूप चुकला असे उगाच वाटते. आउटपुट १ एमबीच्या वर गेले की प्रोसेस मारा.

वेटफॉरला ५ सेकंद द्या. जुन्या संगणकावर जावा सुरू व्हायलाच वेळ लागतो, १ सेकंदाची कंजुषी नको. वेळ संपली तर आधी डिसेंडंट्स (तिने सुरू केलेल्या प्रोसेस), मग मूळ प्रोसेस डिस्ट्रॉयफोर्सिबलीने बंद करा. ६४ एमबी ही फक्त हीपची मर्यादा. प्रोसेस त्याहून जास्त मेमरी खाते. ४ जीबीच्या मशीनवर एका वेळी दोन-तीनच चालवा, बाकी रांगेत.

आणि वेगळी प्रोसेस म्हणजे कुंपण नव्हे. ती तुमच्याच लॉगिनने चालली तर गुणांची फाइल वाचूही शकते, पुसूही शकते. कमी अधिकारांचा वेगळा यूजर करा, नेटवर्क तोडा, आणि गुणांच्या फोल्डरवर त्या यूजरला वाचायचीही परवानगी ठेवू नका.