कॉम्प्रेसिबल प्रवाह आणि दाबावर चालणारे सॉल्व्हर: या चुका टाळा

पाइपमधल्या पाण्याचं, म्हणजे इन्कॉम्प्रेसिबल (घनता न बदलणाऱ्या) प्रवाहाचं सिम्युलेशन जमू लागलं की पुढे नॉझलमधला कॉम्प्रेसिबल (घनता बदलणारा) प्रवाह खुणावतो. जुनी केस (सिम्युलेशनच्या फाइल्सचा संच) कॉपी करायची, सॉल्व्हरचं (समीकरणं सोडवणाऱ्या प्रोग्रॅमचं) नाव बदलायचं, रन द्यायचा. थोड्याच इटरेशनमध्ये (फेऱ्यांमध्ये) तापमान उणे होतं आणि सॉल्व्हर कोसळतो. मग दोन दिवस मेश (जागेचे छोटे सेल पाडणारी जाळी) बारीक करण्यात जातात. मेशचा दोष बहुतेक वेळा नसतोच.

इन्कॉम्प्रेसिबल प्रवाहात दाबाला एकच काम असतं: प्रत्येक सेलमध्ये जेवढं वस्तुमान येईल तेवढंच बाहेर पडेल, असा वेग दुरुस्त करणं. पुण्यात इंजिनिअरिंग शिकलेले सुहास पाटणकर आणि ब्रायन स्पाल्डिंग यांनी 1972 साली मांडलेली सिंपल पद्धत याच कामावर उभी आहे. कॉम्प्रेसिबल प्रवाहात दाबाच्या गळ्यात आणखी एक काम पडतं: घनता ठरवणं. या दुसऱ्या कामाचा विसर पडला की पुढच्या बहुतेक चुका होतात.

सर्वात आधी बाहेरच्या तोंडावरचा दाब पाहा. जुन्या केसमध्ये तिथे शून्य लिहिलेलं असतं आणि ते चालतं, कारण तिथे फक्त दाबातला फरक मोजला जातो. इथे घनता थेट दाबावरून निघते, म्हणून शून्य दाब म्हणजे शून्य घनता. निरपेक्ष दाबच द्या, वातावरणाचा असेल तर 101325 पास्कल. तापमान केल्विनमध्ये लिहा.

आता खरी मेख. सेलच्या एका बाजूतून जाणारं वस्तुमान म्हणजे घनता गुणिले वेग. दाब दुरुस्त केला की दोन्ही बदलतात, म्हणून दाबाच्या समीकरणात दोन पदं येतात. एकात जुनी घनता आणि वेगातली दुरुस्ती. हे पद उष्णतेसारखं सगळीकडे पसरतं, चारी बाजूंच्या शेजाऱ्यांना विचारतं. दुसऱ्यात घनतेतली दुरुस्ती आणि जुना वेग. हे प्रवाहाबरोबर वाहत जातं. दुसऱ्याचं वजन माख संख्येच्या (प्रवाहाचा वेग भागिले ध्वनीचा वेग) वर्गाने वाढतं: माख 0.1 ला पहिल्याच्या साधारण शंभरावा भाग, माख 2 ला चौपट. ध्वनीपेक्षा वेगवान प्रवाहात पुढची बातमी मागे यायला नको, आणि ही शिस्त दुसरं पदच पाळतं. ते गाळलं तरी सगळ्या दुरुस्त्या शून्याला पोचल्या तर उत्तर तेच यायला हवं, हे खरं. पण गाडी तिथवर पोचतच नाही. रेसिड्यूअल (समीकरणांत उरलेली चूक) वरखाली हेलकावत राहतात.

ओपनफोम या सिम्युलेशन सॉफ्टवेअरमध्ये यासाठी ‘ट्रान्सॉनिक’ नावाचा स्विच आहे आणि तो मुळात बंद असतो. तो सुरू केला की मॅट्रिक्स असममित होतं. मग दाबासाठी लिहिलेला पीसीजी (फक्त सममित मॅट्रिक्स सोडवणारी पद्धत) चालत नाही आणि एरर येतो. त्याऐवजी असममित मॅट्रिक्सही सोडवणारा पीबायसीजीस्टॅब किंवा गाउस-सायडल स्मूदरसह गॅमग घ्या. हा एरर पाहून अनेकजण स्विचच परत बंद करतात. तसं करू नका, एरर योग्य तेच सांगतोय. या वाहत्या पदाला आधी अपविंड (प्रवाह येतो त्या बाजूच्या सेलचं मूल्य घेणारी), नंतर लिमिटेड (खोट्या लाटा आवरणारी) स्कीम द्या. दोन्ही बाजूंची सरासरी घेणाऱ्या शुद्ध सेंट्रल स्कीमने शॉकच्या (दाबाच्या अचानक उडीच्या) आजूबाजूला खोट्या लाटा उठतात.

बाउंड्रीवर किती राशी द्यायच्या, हे आत येणाऱ्या लहरी मोजून ठरतं. सबसॉनिक (ध्वनीपेक्षा हळू) आउटलेटवर एक लहर आत येते, म्हणून दाब द्यावा लागतो. सुपरसॉनिक (ध्वनीपेक्षा वेगवान) आउटलेटवर एकही येत नाही. तिथे दाब बांधून ठेवला की प्रवाहाशी त्याची झटापट होते. सुपरसॉनिक इनलेटवर मात्र दाब, वेग, तापमान सगळं द्या. नॉझलची सुरुवात स्थिर हवेतून करत असाल तर आउटलेट आधी सबसॉनिकच असतं, म्हणून तिथे लहरी बाहेर जाऊ देणारी अट सोयीची.

दाबाला 0.3 आणि वेगाला 0.7 हे रिलॅक्सेशन (एका फेरीत दुरुस्तीचा किती भाग लागू करायचा) स्थिर प्रवाहात सुरुवातीला ठीक. काळानुसार बदलणाऱ्या प्रवाहात प्रत्येक टाइम स्टेपच्या शेवटच्या फेरीत ते 1 हवं, नाहीतर वस्तुमानाचा हिशेब जुळत नाही. दाबाला किमान-कमाल मर्यादा घातली असेल तर रन संपताना तो मर्यादेला चिकटलेला नाही ना, तेही पाहा.

कूरां संख्येनेही (एका टाइम स्टेपमध्ये प्रवाह किती सेल ओलांडतो) फसगत होते. 1 मिलिमीटरचा सेल, 10 मीटर प्रति सेकंद वेग आणि 0.0001 सेकंदाचा टाइम स्टेप घेतला तर सॉल्व्हर कूरां 1 दाखवतो. पण 20 अंश सेल्सिअसच्या हवेत ध्वनी 343 मीटर प्रति सेकंदाने जातो, म्हणजे त्याच्या हिशेबाने कूरां 34. इम्प्लिसिट पद्धत (पुढच्या क्षणाची सगळी मूल्यं एकत्र सोडवणारी) तरीही टिकते, पण दाबलहरी पुसून जातात. आवाज किंवा वॉटर हॅमर (झडप झटकन बंद केल्यावर पाइपमध्ये उठणारी दाबलहर) शोधत असाल तर हा टाइम स्टेप निरुपयोगी.

रन टिकला म्हणून उत्तरावर विश्वास ठेवू नका. हवेत माख 2 चा सरळ शॉक घेऊन पाहा: दाब 4.5 पट, घनता 2.67 पट, तापमान 1.69 पट व्हायला हवं आणि पलीकडे माख 0.577. एकूण तापमान (प्रवाह थांबवला तर होईल ते) शॉकच्या दोन्ही बाजूंना सारखंच हवं. ते बदललं, तर ऊर्जेच्या समीकरणात गतिज ऊर्जेचं पद राहिलंय का, हे आधी तपासा.